मुदतवाढीआधीचे नऊ दिवस

भाऊसाहेब,

परवा तुमच्या घरी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कोण कोण आलं होतं ते आधी सांगते. ऐकून तुम्हाला राग येईल, आणि तुमचा राग बघायची मला चांगली सवय आहे. प्राचार्य आले होते. तुमची रजा मंजूर करायला ज्यांना तीन-तीन आठवडे लागायचे, त्यांनी माइक हातात घेऊन तुम्हाला महाविद्यालयाचा आधारस्तंभ म्हटलं. शहागंजातल्या कापड दुकानदाराचा मुलगा पांढऱ्या गाडीतून आला होता. त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, माझं शिक्षण झालं ते यांच्यामुळे. त्याचं म्हणणं खरंच आहे, म्हणून तर माझ्या डोक्यात तिडीक गेली.

वंदना झाली, भाषणं झाली आणि तुमच्या मुलाने माइक माझ्यापुढे धरला. "ताई, तुम्ही बोला. तुम्ही तर बाजूच्याच टेबलावर होता." मी मान हलवली आणि खाली बसले. बायकांना वाटलं, हिला हुंदका आला. एकीने पाठीवरून हातही फिरवला. हुंदका नव्हता हो भाऊसाहेब. बोलायला उभी राहिले असते तर चांगलं बोलावं लागलं असतं, आणि तुमच्याबद्दल नुसतं चांगलं बोलणं मला जमत नाही. म्हणून हे घरी बसून लिहिते आहे.

जिन्याखालच्या त्या खोलीत आपण अकरा वर्षं शेजारी शेजारी बसलो. दोन टेबलं, एक कपाट, एक खिडकी आणि खिडकीबाहेर रांग. बारावी पास होऊन आलेली पोरं: कुणी करमाडची, कुणी पैठण रस्त्याची, कुणी वाळूजला बाप कामाला आहे म्हणून तिकडून आलेली. त्यांची फी सरकारने भरायची, आणि सरकारने भरावी म्हणून त्यांनी सिद्ध करायचं की आम्ही गरीब आहोत, इथलेच आहोत, या जातीचे आहोत, आणि खोटं बोलत नाही. पोरं कॉम्प्युटरवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची, आपण कागद तपासून तो वर पाठवायचा. तुम्ही प्रत्येक दाखला खिडकीच्या उजेडात धरून शिक्का बघायचात. पोरं बाहेर श्वास रोखून उभी. मला हसू यायचं. सोनाराकडे मोड घेऊन आल्यासारखी दिसायची ती.

मीही त्याच रांगेतून आले. माझा उत्पन्नाचा दाखला मागच्या सालचा निघाला, तेव्हा तुम्ही तो माझ्या हातात परत दिलात आणि म्हणालात, "नवा आण. नाय आणला तर मी घरी येईन." मला वाटलं, धमकी आहे. चौथ्या दिवशी तुम्ही खरंच आलात. करमाडपर्यंत बसने, पुढे आमच्या वस्तीपर्यंत पायी, काखेत रेक्झिनची बॅग. आमच्या आबाला, माझ्या बापाला, त्या दिवशी मेंढरं हलवायची होती, त्याला तुमच्याशी बोलायला फुरसत नव्हती. तुम्ही त्याच्यामागे मेंढरांच्या वाड्यापर्यंत गेलात. "पाटील, मेंढरामागं माणूस कोणबी मिळंल. बारावीला एवढं मार्क पाडणारी पोरगी पुन्हा नाय मिळायची. तहसीलला चला माझ्यासंगं." आबाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी पाटील म्हटलं होतं. तो गेला तुमच्याबरोबर.

त्याआधी आजीने तुम्हाला चहा दिला. कप वेगळा काढला होता, दांडी तुटलेला, खुंटीखाली पालथा ठेवलेला असायचा तो. तुमचं आडनाव तिने आधी विचारून घेतलं होतं. तुम्ही कप बघितलात. चहा प्यालात, रांजणापाशी जाऊन कप स्वतः विसळलात आणि पुन्हा खुंटीखाली पालथा ठेवलात. मी दारात उभी होते. मला सगळं कळत होतं, आणि मी काही बोलले नाही. पुढे अकरा वर्षं तुमच्या डब्यातली वांग्याची भाजी खाताना दर वेळी वाटायचं, आज बोलावं. नाही बोलले. तुम्ही डब्याचं झाकण माझ्याकडे सरकवायचात आणि म्हणायचात, "खा बाई, रागानं पोट नाय भरत."

त्या शिष्यवृत्तीवर मी बी.ए. झाले. मग तुम्हीच प्राचार्यांच्या मागे लागून मला कंत्राटावर घेतलंत. मराठी टायपिंग तुम्ही शिकवलंत, फायलीला दोरा कसा बांधायचा तेही. हे सगळं मी विसरलेले नाही. विसरले असते तर बरं झालं असतं, तुमच्यावर चिडणं सोपं गेलं असतं.

आपलं पहिलं मोठं भांडण त्या कापड दुकानदाराच्या पोरावरून झालं. आठवतं ना? नवी कोरी मोटरसायकल खिडकीसमोर लावून तो यायचा. बापाचं दुकान मी स्वतः पाहिलेलं, दिवाळीत आत शिरायला जागा नसते. आणि दाखल्यावर उत्पन्न एवढं, की वाचून आमच्या आबालासुद्धा त्याची दया आली असती. तुम्ही दाखला उजेडात धरलात, शिक्का बघितलात, नंबर पडताळलात आणि अर्ज वर पाठवलात. मी तिथल्या तिथे भडकले.

"भाऊसाहेब, माणूस समोर उभा आहे. त्याच्याकडं बघा तरी!"

"कागद बरोबर हाय."

"कागद विकत घेतलाय त्यानं."

"तुझ्याकडं पुरावा हाय का? नाय ना? मग बस खाली."

रांग पांगल्यावर तुम्ही चष्मा काढून ठेवलात. तुम्ही गंभीर झालात की चष्मा काढायचात. म्हणालात, "जयश्री, माणूस बघायचा अधिकार मला कुणी दिलेला नाय, अन् मला तो नकोच. आज मी माणूस बघून पास करीन, उद्या या खुर्चीवर दुसरा कोणी येईल, तो माणूस बघून नापास करील. आमच्या बापजाद्यांच्या टायमाला माणूस बघूनच ठरवत होते सगळे. कागद आला म्हणून तर आम्ही शाळेत शिरलो."

याचं उत्तर मला आज सुचतं. भाऊसाहेब, कागदसुद्धा माणूसच देतो. दुकानदाराला दाखला घरपोच मिळतो, आणि मेंढरामागे फिरणाऱ्याच्या दाराला कुलूप दिसलं की तो माणूसच नाही असं ठरतं. तुमचा कागद आंधळा असेल, तो देणारा डोळस होता. हे तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं. तुम्ही चष्मा पुसला असतात आणि म्हणाला असतात, "मग तलाठ्याशी भांड. माझ्याशी कशाला भांडतीस?" तेही बरोबरच असतं. तुमच्याशी भांडून कधी जिंकता आलं नाही.

तुम्ही असे का होतात ते मला ठाऊक होतं. कॉलेजात असताना वर्गातल्या पोरांनी तुमच्या बाकावर खडूने "सरकारी जावई" लिहिलं होतं, हे तुम्ही एकदाच सांगितलंत, तेही तिसरंच काही सांगता सांगता. "तवा ठरवलं. आपल्या पोरांच्या अर्जात एक कागद खोटा निघाला ना, तर लोक म्हणतील सगळेच खोटे. ते टपलेलेच हायेत. त्यांना बोट दाखवायला जागा द्यायची नाय." म्हणून तुमच्या हातून कधी खाडाखोड गेली नाही, अर्धवट अर्ज गेला नाही. तालुक्यात सगळ्यांना ठाऊक असलेली युक्ती तुम्हाला चालायची नाही. दाखला हातात नसला तर शेवटच्या दिवशी पोरं त्या जागी कोरा कागद चढवायची. अर्ज मुदतीत गेला असं दिसायचं, काही दिवसांनी तो दुरुस्तीला परत यायचा, तेव्हा खरा दाखला जोडायचा. बाकीची कॉलेजं डोळेझाक करून असे अर्ज पुढे पाठवायची. तुम्ही म्हणायचात, "कोरा कागद म्हणजे खोटा कागदच."

आणि मग लता आली.

माझी धाकटी बहीण. तिची बारावी झाली तेव्हा मी कंत्राटावर होते, शहरात खोली घेतली होती, तिला घेऊन राहत होते. मार्क माझ्यापेक्षा जास्त. बी.एस्सी.ला नाव घातलं. माझ्या पगारात खोलीचं भाडं आणि दोघींचं खाणं निघायचं, सायन्सची फी नव्हे. शिष्यवृत्ती मिळाली तरच लता शिकणार होती, नाहीतर नाही. हे तुम्हाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, तिला तर सगळ्यात जास्त ठाऊक होतं.

दिवाळीनंतर आबा आणि आई कळप घेऊन गंगथडीकडे, गोदावरीच्या काठाला, उतरले, दर साली उतरतात तसे. उत्पन्नाच्या दाखल्याच्या चौकशीला माणूस वस्तीवर आला तेव्हा घराला कुलूप. आजी तोवर वारली होती. त्याने लिहून टाकलं, कुटुंब इथे राहत नाही. दाखला अडकला. मी तीन वेळा तहसीलला गेले. "वडलांना घेऊन या." वडील कुठल्या शिवारात आहेत ते मलाच ठाऊक नव्हतं. मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. लताने नेट कॅफेत बसून दाखल्याच्या जागी कोरा कागद चढवला आणि अर्ज पाठवला. तो तुमच्या कॉम्प्युटरवर आला.

मी तुमच्या खुर्चीशेजारी उभी राहिले. हात जोडले होते, हे तुम्हाला आठवत असेल. मी आयुष्यात फार कुणापुढे हात जोडलेले नाहीत.

"पाठवा ना भाऊसाहेब. एवढा एकच."

तुम्ही स्क्रीनकडे बघत राहिलात. कोरा पांढरा चौकोन. मग तुम्ही अर्ज परत पाठवलात.

"तुझ्या बहिणीचा पाठवला तर बाकीच्यांना काय सांगू? तू टेबलावरची, म्हणून तुला सूट? नाय. ऐक, जयश्री. मुदत वाढंल. दर साली वाढते. आठ-पंधरा दिसांत वाढंल. तवर आबाला शोधून आण, दाखला काढ. पोरीला तास करू दे. तिचं नाव कमी करू नको. ऐकलंस का? नाव कमी करू नको."

ऐकलं होतं. शब्द न् शब्द ऐकला होता, म्हणून तर आज लिहिता येतो आहे.

तरी त्या रात्री मला झोप लागली नाही. मुदत वाढेलच कशावरून? नाही वाढली, तर परीक्षेचा अर्ज भरताना अख्खी फी मागतील, ती कुठून आणू? नाव आत्ताच कमी केलं तर निदान फीचा तगादा सुटेल. असा हिशोब मी मांडला. पण खरं सांगू? हिशोबापेक्षा राग मोठा होता. मला तुम्हाला दाखवून द्यायचं होतं. बघा, तुमच्या प्रामाणिकपणाने काय झालं ते बघा. दुसऱ्या दिवशी तुम्ही जिल्ह्याच्या बैठकीला गेला होता. मी लताला सांगितलं, "भाऊसाहेब म्हणाले, आता काही होत नाही." ती रडली. कॉलेज सोडल्याचा अर्ज मीच तिच्यापुढे ठेवला, तिने सही केली. टीसी मी टाइप केली. रजिस्टरला नोंद मी केली. सह्यांच्या गठ्ठ्यात मधोमध घालून प्राचार्यांकडे नेली. त्यांनी न वाचता सही केली, ते नेहमीच न वाचता करतात.

नवव्या दिवशी मुदत वाढली.

तुम्ही खुशीत आलात. त्या दिवशी तुम्ही चक्क शिटी वाजवत जिन्याखाली आलात. "लताला बोलाव. आबा सापडले का?" मी म्हटलं, तिचं नाव कमी झालं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग कपाटातून रजिस्टर काढलंत. नोंद माझ्या अक्षरात होती. तुम्ही ते पान किती वेळ बघत उभे होतात ते मला सांगता येणार नाही, मी टेबलाखाली बघत होते. मग रजिस्टर मिटलंत, कपाटात ठेवलंत आणि विद्यापीठात गेलात. तिथून संध्याकाळी परत आलात. चपला धुळीने भरल्या होत्या. "नाय घेत परत," एवढंच म्हणालात.

लता तोवर वाळूजला कंपनीत लागली होती. ठेकेदाराला टीसी आणि गुणपत्रिका हवी होती, दोन्ही मीच हातात दिल्या होत्या. पुढच्या साली घेऊ म्हणालो. पुढच्या साली तिला कंपनीतली पाळी सोडवेना, त्याच्या पुढच्या साली तिचं लग्न झालं. अजून जाते. पहाटे कंपनीच्या बसने, डोक्याला स्कार्फ बांधून. पार्ट तपासायचं काम आहे तिचं. चुकीचा पार्ट बाजूला काढायचा.

आबा परत आला तेव्हा तो आधी खोलीवर आला नाही, थेट कॉलेजात आला. घोंगडी खांद्यावर, हातात काठी. खिडकीत तोंड घालून ओरडला, "माझ्या पोरीचं साल खाल्लं तुम्ही! एका पोरीसाठी वस्तीवर येता, अन् दुसरीला हाकलता व्हय? तुमच्याच लोकांचं बघता तुम्ही!" अख्खा व्हरांडा गोळा झाला. त्या शेवटच्या वाक्याला तुमचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर पुरे होतं. विचारा तुमच्या थोरलीला, एवढंच. रजिस्टर हाताच्या अंतरावर होतं.

तुम्ही उठलात, बाहेर गेलात, आबापुढे हात जोडलेत. "चुकलं माझं, पाटील. लई चुकलं."

मी माझ्या खुर्चीवर बसून होते. हातात दोरा होता. फायलीला गाठ मारत होते.

तुम्ही का बोलला नाहीत? माझी कंत्राटी नोकरी गेली असती म्हणून? तुमच्या मागे परस्पर टीसी काढली हे बाहेर आलं असतं तर मला त्याच दिवशी घरी बसवलं असतं, हे खरंच. की दोन बहिणींमध्ये पडायचं नाही म्हणून? की तो कोरा कागद परत पाठवल्याचं तुम्हालाच आतून खात होतं? मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी डब्याचं झाकण माझ्याकडे सरकवलंत, नेहमीसारखं. वांग्याचीच भाजी होती. मी खाल्ली.

आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे, भाऊसाहेब. तुम्ही शिव्या द्यायच्या होत्या. चारचौघांत माझं नाव घ्यायचं होतं. मी रडले असते, भांडले असते, लताचे पाय धरले असते. ती चार महिने बोलली नसती, मग बोलली असती, बहीण आहे. तुम्ही ते सगळं अंगावर घेतलंत आणि मला बोलायची गरजच उरली नाही. आठ वर्षं. एवढं कागदाला चिकटून राहणारा माणूस, आणि माझ्या एवढ्या मोठ्या खोट्यावर पांघरूण घातलंत. तेव्हा कुठे गेला तुमचा नियम? दुकानदाराच्या पोराला पुरावा नाही म्हणून सोडलंत, माझा पुरावा तर तुमच्या कपाटात होता.

तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी मी ठरवून आले होते. शाल-नारळ झाल्यावर तुम्हाला एकट्याला गाठायचं आणि बोलायचं, मग लताकडे जायचं. तुम्ही किल्ल्या माझ्या हातात दिल्यात आणि म्हणालात, "कोरा कागद पाठवू नको, बाई. पण पोरांच्या घरी जात जा." मी हसले, म्हटलं, हो. तुमची रिक्षा आली. दोन वर्षं मी म्हणत राहिले, एखाद्या रविवारी घरी जाऊन बोलू. तुमचं घर माझ्या खोलीपासून वीस मिनिटांवर आहे. तुमच्या घरी मी पहिल्यांदा आले ती परवा.

आता त्या खुर्चीवर मी बसते. दाखला उजेडात धरते. पोरं बाहेर श्वास रोखतात. मी त्यांच्या घरी जाते, तेवढं तुमचं ऐकलं. मेंढपाळांची पोरं असली तर दिवाळीच्या आधीच जाते, कळप हलायच्या आत. तुमच्यासारखी चालत नाही जात, स्कूटी आहे. यंदा त्या वस्त्यांवरची सहा पोरं अर्जापर्यंत आणली. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "सातवं कुठं राहिलं?"

तुम्ही गेल्याचं कळलं त्या संध्याकाळी मी लताला फोन केला. ती बसमध्ये होती, मागे बायकांचा गलका चालला होता. मी म्हटलं, "भाऊसाहेब गेले गं."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "वाईट झालं. काही म्हण, तुला शिकवलं त्यांनी." तिचा आवाज मऊ होता. मला वाटलं, आता. आत्ताच सांगावं. माणूस गेला आहे, नोकरी कायम झाली आहे, आता कुणाचं काय जाणार आहे?

मग तिनेच विचारलं. "एक सांग ना, ताई. मला लई वर्षं झाली इचारायचं व्हतं. मुदत दर साली वाढती, हे त्यांना ठाऊक असंल ना? मग मला नुसतं थांब म्हणाले असते तर काय गेलं असतं त्यांचं?"

बस कुठेतरी थांबली असावी. गलका कमी झाला होता, तिला माझा शब्द स्पष्ट ऐकू गेला असणार.

मी म्हणाले, "नसेल गं ठाऊक त्यांना."